नखाएवढ्या चौकोनातली देवनागरी

मी अल्बमची कव्हरं करते, आणि या कामातलं माझं दैवत म्हणजे रीड माइल्स. न्यूयॉर्कच्या ब्लू नोट रेकॉर्ड्ससाठी त्यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत शेकडो जॅझ कव्हरं केली. रेकॉर्डिंग चालू असताना फ्रान्सिस वुल्फ यांनी काढलेले फोटो ते बेधडक कापायचे, बऱ्याचदा एकाच रंगात बुडवायचे, आणि उरलेल्या जागेत अक्षरं ताल धरून उभी राहायची. विशेष म्हणजे माइल्सना स्वतःला जॅझपेक्षा पाश्चात्त्य अभिजात संगीत जास्त आवडायचं!

त्यांच्या हाती बारा इंची चौकोन होता. मी ३००० बाय ३००० पिक्सेलची फाइल देते, पण ऐकणारा ती मोबाइलवर नखाएवढी बघतो. तिथे देवनागरीची खरी परीक्षा. अनुस्वार आणि रफार आधी गायब होतात, बारीक वेलांट्या शिरोरेषेला चिकटून बसतात. म्हणून गायकाचं नाव मी हातानेच लिहिते, मात्रा मुद्दाम जाड आणि उंच ठेवते. ‘इंग्रजीत टाका ना, सुटसुटीत दिसेल’ हे अजूनही ऐकावं लागतं. मला ते अजिबात पटत नाही. सध्या अभंगांच्या एका अल्बमवर काम चालू आहे. त्यात फोटोच नाही. फक्त गायिकेचं नाव, या काठापासून त्या काठापर्यंत.