यंदा किती घोड्या भरवायच्या? वहीतला सातवा हंगाम

दिवस मोठे व्हायला लागले, माझा मिनिएचर (बुटक्या जातीचा) नर घोडा तुरा कुंपणाशी वरचा ओठ दुमडून हवा हुंगत उभा राहायला लागला, की माझी जाडी वही बाहेर निघते. हा सातवा हंगाम. दोन शिंगरं अजून आयांच्या कासेला आहेत, तबेल्यातली आठही ठाणी भरलेली आहेत, आणि जेवायला बसलं की घरात रोज तोच विषय निघतो: यंदा किती घोड्या भरवायच्या, म्हणजे गाभण राहण्यासाठी नराकडे न्यायच्या?

आधी सहा हंगामांचा हिशेब सांगते. एका घोडीचा एक हंगाम एकदाच धरून, घोड्या भरवल्या १२ वेळा. त्यातून गाभण राहिल्या १०. एक गाभडली. नऊ वेळा वीण झाली, दोन शिंगरं हाती लागली नाहीत, सात जगली. सातातली दोन आत्ता आयांजवळ, पणती नावाची घोडी आणि एक खच्ची केलेला घोडा मी ठेवून घेतला, तीन बाहेर गेली. त्या तिनांतला एक परत आला. या परत आलेल्याबद्दल पुढे लिहिते, कारण यंदाचा आकडा निम्मा त्याच्यामुळे ठरला आहे.

सुरुवातीला मी हिशेब उलट्या बाजूनं करायची. घोड्या किती, त्यातल्या रिकाम्या किती, म्हणजे तेवढ्या भरवायच्या. रिकामी घोडी दिसली की वर्ष फुकट गेल्यासारखं वाटायचं. चौथ्या हंगामात तर मी तुऱ्याला कवडी, मुंगी, टिकली आणि जाई या चौघींच्या कळपात सोडूनच दिलं. सगळ्या तीन आठवड्यांच्या आत फळल्या. मला केवढा आनंद! जागरणाचं काम एकदाच उरकेल, असा माझा कयास.

जाई आठव्या महिन्यात गाभडली. कारण शेवटपर्यंत कळलं नाही. बाकीच्या तिघी वाचल्या एवढंच. (तेव्हापासून घोडी गाभडवणाऱ्या हर्पीस विषाणूवरची लस पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात, एकही न चुकवता.) मग एका रात्री पावणेदोनच्या सुमाराला कवडी आडवी झाली. मी तिच्यापाशी बसले, शिंगराचे दोन पाय आणि त्यावर टेकलेलं नाक व्यवस्थित पुढे आलं, सगळं छान चाललं होतं. तबेल्याच्या दुसऱ्या टोकाला टिकली त्याच वेळी सुरू झाली होती आणि मला पत्ताच नव्हता. मी पोचले तेव्हा बाहेर लाल मखमली पिशवी होती. ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. एरवी आधी पांढुरकं, चमकदार आवरण दिसतं. लाल दिसलं म्हणजे वार वेळेआधी सुटली आहे आणि शिंगराचा प्राणवायू तुटला आहे. तिथे डॉक्टरांची वाट बघायची नसते, पिशवी हातानं फाडून शिंगरू ओढायचं असतं. मी फाडली, ओढलं. उशीर झाला होता.

घोडीची वीण गाईसारखी निवांत नसते. पाणी फुटल्यापासून शिंगरू बाहेर यायला २० ते ३० मिनिटं, त्याहून जास्त लागली तर काहीतरी अडलं आहे असंच धरायचं. त्यात आपल्या मिनिएचर घोड्यांत अडण्याचं प्रमाण मोठ्या घोड्यांपेक्षा जास्त. शिंगराचं डोकं कपाळाकडे फुगीर, आणि आईची कटी एवढीशी. मोठ्या घोडीच्या पोटात हात घालून पाय सरळ करता येतो, इथे माझा हात मनगटापुढे जाताना घोडी आणि मी दोघी रडकुंडीला येतो. म्हणून वीण माणसाच्या डोळ्यांदेखत व्हायला हवी, आणि घोडी तर बहुतेक वेळा मध्यरात्रीनंतरच विते.

तेव्हा मी घोड्या मोजणं सोडून रात्री मोजायला लागले.

आपल्या घोड्यांचं गाभणपण साधारण ११ महिन्यांचं. पण हे 'साधारण' फार फसवं. माझ्याच वहीत मुंगी ३२४ दिवसांवर व्याली आहे आणि टिकली ३४५ दिवसांवर. मी ३०० व्या दिवसापासून कास बघते, ३१५ पासून तबेल्यात झोपते. म्हणजे एका घोडीमागे तीस-पस्तीस रात्री सहज. सडांच्या टोकांवर मेण (सुकलेला चीक) दिसलं, शेपटीच्या मुळाशी मांस सैल पडलं, पट्टीवर दुधाची आम्लता वाढलेली दिसली, की एक-दोन रात्रींचा अंदाज बांधता येतो. पण मुंगीनं आजवर मेण कधीच दाखवलेलं नाही. ती संध्याकाळी गवत खाते आणि पहाटे शिंगरू घेऊन उभी असते. कॅमेरा आहे, गळपट्ट्याला अलार्म आहे. अलार्म वाजतो तो बहुतेक घोडी आरामात लोळल्यावर.

मग वाटलं, अंतर ठेवून भरवू. मागच्या हंगामात टिकलीला आधी भरवलं, आणि २४ दिवस थांबून मुंगीला. कागदावर तीन आठवड्यांहून जास्त फरक. प्रत्यक्षात टिकलीनं ३४५ दिवस घेतले, मुंगीनं ३२४, आणि दोघी तीन दिवसांच्या अंतरानं व्याल्या. दोन्ही शिंगरं तासाच्या आत उभी राहिली, दोन तासांच्या आत चीक प्याली, दोघींची वार तीन तासांच्या आत पडली. सगळं नीट झालं, पण ते नशिबानं. मी त्या आठवड्यात दिवसा जेवताना झोपत होते.

आता माझा नियम: दोन घोड्यांच्या भरवण्यात किमान दोन माज सोडायचे, म्हणजे सहा आठवडे. माजाचं चक्र २१-२२ दिवसांचं असल्यानं हे मोजायलाही सोपं जातं. सहा आठवड्यांत दोघी एका रात्री येण्याची शक्यता जवळजवळ संपते. पण मग रात्री दुप्पट होतात, साठ-सत्तर. तिसरी घोडी घातली की शंभराच्या वर. घरात जागणारी माणसं दोन, त्यातला एक सकाळी सातला कामावर जाणारा. दोन ही आमची कमाल मर्यादा अशीच निघाली, आणि ती तबेल्यातल्या घोड्यांवरून नाही, आमच्या डोळ्यांवरून निघाली.

ज्यांच्याकडे रात्रपाळीला माणसं आहेत त्यांचा आकडा वेगळा असेल, तो असूही दे. पण 'माझ्या घोड्या आपसूक वितात' असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. त्यांची टिकली अजून व्हायची आहे.

दुसरी चाळणी रक्ताची. दुसऱ्या हंगामात, तुरा यायच्या आधी, मी मुंगीला एका देखण्या, इवल्याशा नराकडे नेलं होतं. तपासणी दोघांचीही नव्हती. शिंगरू अडलं, मेलेलं निघालं. घुमटासारखं डोकं, आखूड वाकडे पाय, पुढे आलेला खालचा जबडा. खुजेपणाचं शिंगरू. नंतर केसांच्या मुळांवरून तपासलं तर मुंगी खुजेपणा आणणाऱ्या, एसीएएन जनुकातल्या डी-टू दोषाची वाहक निघाली. दोष सुप्त आहे. वाहक घोडी स्वतः ठणठणीत असते, पण आई-बाप दोघंही वाहक असले तर चारांत एक शिंगरू असं. या जनुकातले चार दोष आता तपासता येतात, आणि वेगवेगळे दोन एकत्र आले तरी घात होतो. तुरा चारही बाबतींत स्वच्छ आहे, म्हणून मुंगीला त्याच्याकडे भरवते. खुजं शिंगरू होणार नाही, मात्र निम्मी शिंगरं वाहक निघू शकतात, आणि ती ज्यांच्याकडे जातील त्यांना हे कागदावर लिहून देणं माझं काम. यंदाच्या तिच्या शिंगीचे (मादी शिंगराचे) केस पाठवलेत, उत्तर यायचं आहे.

हे सगळं घोडा लहानात लहान करण्याच्या हव्यासापायी होतं. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशननं १९७८ मध्ये सुरुवात करताना उंचीची ३४ इंचांची मर्यादा धरली, तीही आयाळीच्या शेवटच्या केसापाशी मोजून. अमेरिकेतल्याच दुसऱ्या नोंदवहीत ३८ इंचांपर्यंतचा वेगळा गट आहे. म्हणजे जागा भरपूर आहे. तरी आपल्यातले बरेच जण २८ च्या खाली कसं जाता येईल याच्या मागे. ४४.५ सेंटिमीटरची थंबेलिना, जगातली सर्वांत लहान घोडी म्हणून नोंदलेली, सगळ्यांना गोड वाटायची. ती खुजी होती आणि तिच्या मालकांनी तिची वीण होऊ दिली नाही, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहतं. माझी मुंगी साडेएकोणतीस इंच आहे आणि माझ्या मते तीच खालची हद्द. ३१-३२ इंचांची रुंद कटीची घोडी मला रात्री झोपू देते. निदान थोडी.

आता तो परत आलेला. पहिल्या हंगामातला शिंगा (नर शिंगरू), कवडीचा. चांगल्या घरी दिला होता, त्यांची मुलं मोठी झाली, घर बदललं, त्यांनी प्रामाणिकपणे फोन केला. मी 'कधीही परत घेईन' असं म्हटलं होतं आणि तेव्हा ते बोलणं सोपं होतं. आता तो आठव्या ठाणात उभा आहे. आपले घोडे पंचवीस, तीस वर्षं जगतात, काही त्याहूनही जास्त. मी यंदा भरवलेल्या घोडीचं शिंगरू माझ्या म्हातारपणी परत आलं तर? म्हणून प्रत्येक भरवण्याआधी वहीत एक प्रश्न लिहिते: हे शिंगरू कुणीच नेलं नाही तर कुठे उभं राहील? निम्मे शिंगे येणार, आणि शिंग्यांना विचारणारं कमी. खच्ची करून, गळपट्टा-दोरीची सवय लावून, खूर उचलायला शिकवूनच द्यायचे. म्हणजे एकेक वर्ष जास्त ठेवायचे. हे ठाण हिशेबात धरलं नाही तर आकडा खोटा.

तर यंदाच्या पाच जणी.

टिकली आणि मुंगी यांना सुट्टी. विल्यावर आठवडाभरात पहिला माज येतो आणि बरेच जण तेव्हाच भरवतात. मी नाही. दोघी दूध देताना उतरल्या आहेत. घोडा किती भरलेला आहे ते सांगणाऱ्या हेनेकेच्या १ ते ९ च्या मापावर टिकली आज जेमतेम साडेचार. ते केसाळ अंगावर डोळ्यांनी कळत नाही, बरगड्यांवर बोटं फिरवावी लागतात. खुराक वाढवून ती पाचाच्या वर येईल, पण घाईनं नाही. उलट बाजूला लठ्ठ गाभण घोडीचं भय वेगळंच: आपल्या घोड्यांनी एक-दोन दिवस खाणं सोडलं की रक्तात चरबी उतरते आणि यकृत बसतं. गाभण घोडी दाणा सोडते तेव्हा मी संध्याकाळची वाट बघत नाही.

पणती तीन वर्षांची. रूप असं की येणारा प्रत्येक जण तिच्याचबद्दल विचारतो. पण ती तुऱ्याची लेक, त्यामुळे घरात प्रश्नच मिटला. बाहेरचा नर शोधायचा तर तपासणीसकट, आणि तिचीही कटी अजून भरायची आहे. पुढच्या वर्षी बघू.

कवडी १४ वर्षांची. पाचव्या हंगामात तीन वेळा उलटली, म्हणजे भरवूनही पुन्हा माजावर आली, आणि मी नाद सोडला. हिची वीण नेहमी सुरळीत, स्वभाव सोन्यासारखा, आणि वय आता गर्भ धरण्याच्या उताराला लागलेलं. मन म्हणतं यंदा नाही तर कधीच नाही. वही म्हणते, ठाण कुठे आहे? मी अट घातली आहे: गर्भाशयाची तपासणी स्वच्छ आली, आणि दोन शिंगरांपैकी एकाचं घर दूध तोडायच्या आधी पक्कं झालं, तरच. नाहीतर कवडी निवृत्त.

चारोळी पाच वर्षांची, ३१ इंच, पहिलटकरीण. तपासण्या झाल्या, खुजेपणाचे चारही दोष नाहीत. पण अंगावरच्या पांढऱ्या पट्ट्यांमागे फ्रेम नावाच्या रंगाच्या जनुकाची एक प्रत आहे. हिला फ्रेमवाल्या नराकडे कधीही नेणार नाही. दोन प्रती एकत्र आल्या तर शिंगरू पांढरंशुभ्र जन्मतं आणि आतड्यात चेता नसल्यानं काही दिवसांत जातं. तुऱ्याकडे ती प्रत नाही, त्यामुळे धोका नाही. मनात एकच धाकधूक, पहिल्यांदा विणारी घोडी कशी वागेल सांगता येत नाही.

म्हणजे चारोळी नक्की, कवडी अटीवर, तीही सहा आठवड्यांनी. पाच जणींतून एक किंवा दोन. कृत्रिम दिवे लावून माज लवकर आणायचा विचार यंदाही मोडीत काढला. सोळा तास उजेड देत बसा आणि मग शिंगरू ऐन थंडीत, हे कुणासाठी? तुरा या खेपेला कळपात सुटणार नाही, हातात दोरी धरूनच. पंधराव्या दिवशी सोनोग्राफी, जुळं आहे का बघायला, आणि त्यासाठी लहान हातांच्या डॉक्टरांची वेळ आत्ताच मागून ठेवली आहे.

आज संध्याकाळी चारोळीला कुंपणाजवळ नेलं. पहिल्या दोन दिवशी कान पाडून लाथ झाडत होती. आज शेपटी बाजूला करून उभी राहिली आणि तुरा ओरडून ओरडून घसा बसवून घेतोय. वहीत लिहिलं: चारोळी, माजाचा पहिला दिवस. शेजारी पेन्सिलीनं ३१५ वा दिवस मोजून ठेवला, आणि त्या आठवड्यात लग्नाचं एक आमंत्रण आहे, ते खोडलं.