डाव्या हाताची करंगळी

बाबा पेपर वाचत बसले होते आणि मी त्यांचं चित्र काढत होते. कागदावर, शिसपेन्सिलीने. टॅबलेट चार्जिंगला लावलेला होता आणि पेपर संपला की बाबा उठणार हे ठरलेलं, म्हणून हाताला लागली ती वही ओढली. नाक जमलं, चष्मा जमला, भुवई मात्र भलतीच वर गेली. त्याच क्षणी माझ्या डाव्या हाताची करंगळी टेबलावर टेकली आणि शेजारचं बोट तिच्या किंचित वर दाबलं गेलं. लाकडावर. काहीच झालं नाही. काही होणारही नव्हतं, हे कळायला मला चांगले दोन सेकंद लागले.

कंट्रोल आणि झेड. मला सतराचा पाढा आता धड येत नाही, पण ही दोन बोटं कधी चुकत नाहीत. कीबोर्डच्या खालच्या ओळीत डावीकडे झेड, एक्स, सी, व्ही अशी चार अक्षरं शेजारी शेजारी बसतात: केलेलं मागे घ्या, कापा, उचला, चिकटवा. यातलं कापणं-चिकटवणं लॅरी टेस्लर आणि टिम मॉट या दोघांनी १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात बसवलं. पुढे ॲपलने १९८३ साली लिसा नावाचा संगणक आणला, तेव्हा या कळा अशा रांगेत लागल्या. लिसा फारशी खपली नाही, कळा तेवढ्या उरल्या. उजवा हात माउसवर अडकलेला, त्यामुळे मागे फिरण्याचं खातं कायमचं डाव्या हाताकडे आलं. टेबलावर चुळबुळलेली माझी करंगळी अशी माझ्या जन्माआधीपासूनची सवय पाळत होती.

पण तेव्हा मागे फिरणं इतकं स्वस्त नव्हतं. फोटोशॉप १९९०मध्ये आलं आणि त्यात कितीतरी वर्षं एकच पाऊल मागे जाता यायचं. तीच कळ पुन्हा दाबली की पुसलेली रेघ परत हजर. एकामागून एक पावलं मागे मागे जाण्याची सोय १९९८च्या पाचव्या आवृत्तीत झाली. मी हे वाचलं तेव्हा मला त्या आठ वर्षांतल्या चित्रकारांची कीवच आली. एकच माफी! दुसरी चूक केली की पहिली कायमची पक्की.

मी मात्र अमर्याद माफीत वाढले. टॅबलेटवर भुवई काढायची तर मी ती तीस वेळा काढते. रेघ, मागे. रेघ, मागे. टक टक, टक टक. कधी कधी रेघ पूर्ण व्हायच्या आधीच बोटं मागे घेतात, म्हणजे ती चुकली की नाही हे मी बघितलेलंच नसतं. तिसाव्या वेळी जी येते ती इस्त्री केलेली असते. अशी भुवई कुणाच्याही कपाळावर चालेल. आणि बघणाऱ्याला वाटतं, काय हात आहे, एका फटक्यात काढली. एकोणतीस रेघा कुठे गेल्या हे चित्र सांगत नाही आणि मीही सांगत नाही.

आता यावर कुणी म्हणेल की बघा, यंत्राने हात बिघडवला. मला ते पटत नाही. कोऱ्या कागदाची मला खरोखर भीती वाटायची. चांगल्या वहीचं पहिलं पान खराब होईल म्हणून मी वह्या रिकाम्याच ठेवायचे. अशा तीन आहेत, अजून कोऱ्या. मागे फिरता येतं हे कळल्यावरच मी चित्रं काढायला लागले. ज्याने चालायला शिकवलं त्यालाच लंगडेपणाचा दोष कसा देऊ? फक्त पांगुळगाडा सोडायची वेळ कधीची येऊन गेली असावी, अशी शंका येते.

एकदा मात्र या मागे फिरण्याने मला चांगलाच हिसका दाखवला. निबंध लिहीत होते, रात्री उशिरापर्यंत. मधला एक परिच्छेद आधी कसा होता ते बघावं म्हणून मागे मागे गेले, साठ-सत्तर पावलं तरी असतील. शब्द एकेक करून नाहीसे होत गेले, जुना परिच्छेद आला, वाचला, आत्ताचाच बरा आहे असं ठरलं. आता पुढे जायचं. तेवढ्यात अंगठा स्पेसवर पडला. एक रिकामी जागा उमटली आणि पुढे जाण्याचा बाण फिकट झाला. दोन तासांचं लिखाण त्या रिकाम्या जागेने गिळलं.

नंतर कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकताना कळलं की त्यात यंत्राची काही चूक नव्हती. तुम्ही केलेली प्रत्येक गोष्ट एकावर एक रचून ठेवलेली असते, वह्यांच्या चळतीसारखी. मागे जाताना वरची वही उचलून शेजारच्या दुसऱ्या चळतीवर ठेवली जाते. पुढे यायचं तर तिथून उचलून परत. पण मागे गेल्यावर तुम्ही काहीही नवीन केलंत, साधी एक स्पेस दिलीत, की दुसरी चळत फेकून देतात. कारण भूतकाळात जाऊन तुम्ही वेगळं काही केलंत. आता तो जुना भविष्यकाळ जुळणार कशाला? हिशेब चोख आहे. दोन तासांचं लिखाण गेल्यावर तो चोखपणा कळायला वर्ष लागतं, एवढंच.

चित्रापेक्षा मला अक्षरं पुसायला आवडतात, हे सांगितलं तर लोक हसतात. पण मराठीत लिहिलेलं बॅकस्पेसने पुसून बघा. एका मैत्रिणीला मी चिडून काहीतरी बोलले होते आणि तिला लिहायला बसले: क्षमा. मग वाटलं, हे फारच नाटकी झालं. पुसायला लागले. आधी काना गेला, उरलं क्षम. मग म गेला, उरलं क्ष. इथपर्यंत ठीक. पुढच्या टिचकीला क्ष अख्खा जाईल असं वाटलं, तर तो गेलाच नाही. त्याच्या पोटातून ष निसटला आणि पाय मोडलेला क् तिथे उभा राहिला. आणखी एक टिचकी, तर पाय बरा होऊन साधा क. क्षमेच्या मुळाशी क असतो हे शाळेत शिकले होतेच, पण डोळ्यांदेखत त्याची शकलं होताना पहिल्यांदा पाहिलं.

मुळाक्षरांच्या तक्त्यात शेवटी क्ष आणि ज्ञ ऐटीत बसलेले असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरीसाठी १२८ जागांचा एक सलग पट्टा आहे, त्यात यांना स्वतःची जागाच नाही. क, मग हलन्त, मग ष, असे तिघे मिळून क्ष उभा करतात. लिहिताना ते आपल्याला दिसू देत नाहीत. पुसताना उघडे पडतात. बाणाची कळ अख्खं जोडाक्षर ओलांडून जाते, बॅकस्पेस मात्र ते उसवतं. मी तेव्हा माफी बाजूला ठेवून ज्ञ, श्र, त्र, असं एकेक टाइप करून उसवत बसले. मैत्रिणीला शेवटी ‘चुकलं माझं’ एवढंच पाठवलं. त्यात जोडाक्षर नाहीच, एकही.

पाठवल्यावर मागे घेण्याचा प्रकार मला तितका रुचत नाही. जीमेलमध्ये पाठवलेलं पत्र परत बोलावता येतं, जास्तीत जास्त ३० सेकंद. त्यातली गंमत अशी की ते पत्र गेलेलंच नसतं. दाराशी उभं करून ठेवलेलं असतं, आपल्याला वाटतं रस्त्यातून परत आणलं. आणि गप्पांमधला संदेश पुसला तर तिथे ‘हा संदेश काढून टाकला’ असं लिहून येतं. न पुसता ठेवला असता तर कुणी वाचलाही नसता, आता सगळे विचारतात, काय होतं गं?

खोडणं म्हणजे काय हे मला शिकवलं ते प्रयोगशाळेतल्या मॅडमनी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातला खोडरबर बघितला आणि म्हणाल्या, ‘तो आत ठेव. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मार, शेजारी नवा लिही, सही कर. खालचा वाचता आला पाहिजे.’ मला हे जरा जाचकच वाटलं. आपला मूर्खपणा आपणच सही करून जपून ठेवायचा!

मग लंबकाचा प्रयोग आला. एक मीटर दोरा, खाली गोळा, २० आंदोलनांना किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचं. माझी वाचनं आली ३८.१ सेकंद, ३८.२, ३८.०, आणि मध्येच एकदा ४०.१. हे एकटंच वाचन दोन सेकंद पुढे. साहजिकच मी त्यावर रेघ मारली, सही केली आणि बाकीच्यांची सरासरी घेऊन मोकळी झाले. उत्तर आलं १०.८७. पुस्तकात ९.८. एवढं जड गुरुत्व कुठल्या ग्रहावरचं, असं शेजारच्या टेबलावरून विचारलं गेलं.

मॅडमनी वही घेतली. उत्तराकडे पाहिलंच नाही; थेट खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. ‘हे वाचन घेताना काय वेगळं केलंस?’ मी म्हटलं, काही नाही, त्या वेळी फक्त जोडीदारीण मोजत होती. ‘आणि बाकीच्या वेळी तू. गोळा सोडताना तोंडाने काय म्हणतेस?’ मी म्हटलं, ‘एक.’ म्हटल्याबरोबर उजेड पडला. सोडताना शून्य म्हणायचं असतं. मी एकपासून सुरू करत होते, त्यामुळे विसावर थांबले तेव्हा आंदोलनं एकोणीसच झालेली. जोडीदारीण शून्यापासून मोजणारी, तिची वीसच्या वीस भरली होती. ४०.१ घेऊन गणित केलं, उत्तर ९.८१. पानावर खरा आकडा एकच होता आणि त्याच्यावर माझी रेघ, माझी सही.

हेच मी स्प्रेडशीटमध्ये केलं असतं तर त्या चौकटीत ४०.१ च्या जागी नवा आकडा भरला असता, फाइल बंद केली असती, आणि ते वाचन कधी घेतलं होतं हे मलाही आठवलं नसतं. हल्ली कागदपत्रांचे जुने मसुदे आपोआप साठवले जातात, हे खरं. मीही कधी कधी उघडून बघते. पण तिथे सगळंच साठलेलं असतं, चुकून पडलेल्या स्पेससकट. नको तो आकडा ठरवून खोडला, त्यावर सही केली, असं त्यात काही नसतं.

तर भुवई. टेबलावरची बोटं मी मुकाट्याने उचलली. खोडरबर आतल्या खोलीत होता आणि बाबांचं शेवटचं पान चालू होतं. म्हणून ती वर गेलेली भुवई तशीच ठेवून तिच्याखाली दुसरी काढली, योग्य जागी. मग कान, मग पेपराची घडी, हात जरा घाईत झाले.

बाबांनी पेपर मिटला आणि वाकून वहीत पाहिलं. बराच वेळ पाहत होते.

‘एका डोळ्यावर दोन भुवया का गं?’

‘वरची चुकली, बाबा. मग खाली काढली.’

‘चुकली कशी? मधे ती सहाव्या पानावरची बातमी वाचली ना मी. तेव्हा वरच गेली असणार.’