तो चाफा, ती जाई, ते फूल

सोनचाफा आपण बघत नाही, हुंगतो. दारावर फुलवाली आली की दोन फुलं घ्यायची, पेल्यात पाणी घालून ठेवायची, येता-जाता नाक खुपसायचं. परवा मला त्याचा फोटो काढायची हुक्की आली. मोबाइलवर दहा-बारा काढले. सगळ्यांत एक पिवळा गोळा आणि मागे गॅसचा सिलिंडर.

मग अमेरिकन छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅमचा १९२५ सालचा ‘मॅग्नोलिया ब्लॉसम’ हा फोटो पुन्हा शोधून बघितला. मॅग्नोलिया तसा घरचाच. आपला सोनचाफा त्याच कुळातला, शास्त्रीय नावही आता मॅग्नोलिया चंपका. फोटोत रंग नाही, वास तर नाहीच. पांढऱ्या पाकळ्या चौकटीबाहेर गेलेल्या आणि मधोमध तो उभा दांडा : खाली पुंकेसरांच्या काड्यांची दाटी, वर स्त्रीकेसरांचे वळलेले आकडे. मी पेल्यातल्या चाफ्याच्या पाकळ्या बाजूला केल्या. हेच सगळं आत होतं, इवलंसं. इतकी वर्षं हुंगून कधी दिसलं नव्हतं.

इमोजेनला तीन मुलगे, त्यांतले दोन जुळे. १९१७ मध्ये सिएटलचा स्टुडिओ बंद करून ती कॅलिफोर्नियात आली. पोरं सांभाळताना बाहेर पडणं होईना, म्हणून अंगणातली झाडं. हे वाचून आपण लगेच ‘बिचारी’ म्हणतो. पण बाई रसायनशास्त्र शिकलेली. कॉलेजात असताना वनस्पतिशास्त्र विभागासाठी झाडांच्या स्लाइड्स करून तिने शिक्षणाचा खर्च भागवला होता. फुलाच्या पोटात काय असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बघणाऱ्यांनी मात्र या फोटोत स्त्रीदेह शोधला. बाईने फूल टिपलं की असं व्हायचंच. टीना मोदोत्ती या दुसऱ्या छायाचित्रकार बाईने त्याच सुमाराला मेक्सिकोत चार गुलाब एकमेकांना चिकटून टिपले, कडा मलूल झालेले. त्यांचेही अर्थ लावून झालेत. मॅग्नोलियाची गंमत अशी, की तो उमलतो तेव्हा आधी मादी असतो. मग मिटतो, पुन्हा उघडतो तेव्हा नर. प्रतीकवाल्यांनी नेमकं कुठलं धरायचं? मराठीने बरं केलं : तो चाफा, ती जाई, आणि फूल आपलं ते.

दुसऱ्या दिवशी चाफा तपकिरी पडला. ओट्यावर काड्यापेटी सांडावी तसे बारीक पुंकेसर. पुसायचं फडकं बाजूला ठेवून मी आधी फोटो काढला. या वेळी सिलिंडर नाही आला.