भाडेकरूंची पडवी

इटलीतल्या बोलोन्यात पहिले सतरा दिवस मी शहर पाहिलंच नाही, त्याच्या भिंती वाचल्या. व्हिया झाम्बोनी हा विद्यापीठाचा रस्ता. तिथल्या खांबाखांबावर चिठ्ठ्या डकवलेल्या, खाली फोन नंबरांच्या कातरलेल्या झिरमिळ्या. वर ठळक 'आफित्तासी', म्हणजे भाड्याने देणे आहे. त्याखाली बारीक अक्षरांत 'पोस्तो लेत्तो', म्हणजे पलंगापुरती जागा. खोली नव्हे, खोलीतला एक पलंग भाड्याने. उरलेल्या हवेवर शेजारच्या पलंगाचाही तेवढाच हक्क. मी झिरमिळ्या फाडून खिशात भरायची, रात्री फोन लावायची आणि पलीकडून एकच वाक्य ऐकायची, 'जा आफित्ताता'. आधीच गेली. इटालियनमधलं मला न अडखळता कळलेलं पहिलं वाक्य ते हेच.

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. छत्री घेऊन निघाले, तीन घरांच्या पायऱ्या चढले-उतरले आणि चौथ्या दारात ध्यानात आलं, छत्री अजून मिटलेलीच आहे. घरांचे वरचे मजले खांबांवर पुढे आलेले आणि त्यांच्या पोटाखालून आपण कोरडे चाललोय. याला इथे पोर्तिको म्हणतात. मला सरळ पडवीच म्हणावंसं वाटलं. फक्त एका घराची संपली की लगेच दुसऱ्याची सुरू होणारी. जुन्या शहरात अशी सुमारे ३८ किलोमीटर, बाहेरची धरून ६२. जागा घरमालकाची, डागडुजी त्याच्याच माथी, चालायचा हक्क मात्र सगळ्यांचा. त्यामुळे मालक बदलला की फरशी बदलते. ते पायांना कळतं आणि मागे ट्रॉली बॅग ओढत असाल तर कानांनाही. गुळगुळीत फरशीवर नुसती सरसर, मग एकदम विटांवर खडखडाट.

या पडव्या झाल्या कशा, ते कळलं तेव्हा माझ्या खिशातल्या झिरमिळ्यांना एकदम वजन आलं. विद्यापीठाची स्थापना १०८८ ची मानतात. कायदा शिकायला युरोपभरातून पोरं येऊ लागली आणि शहरात माणसं मावेनात. मग घरमालकांनी वरचे मजले तुळयांवर रस्त्याच्या अंगाला पुढे काढले. जास्तच पुढे गेले, तेव्हा खाली खांबांचा टेकू दिला. वर आणखी एक खोली झाली, खाली सावली. अतिक्रमणच ते, दुसरं काय! पण बोलोन्याने ते पाडलं नाही. १२८८ मध्ये उलटाच हुकूम काढला, की नवं घर बांधाल तर पोर्तिको हवाच, आणि घोडेस्वार खालून जाईल इतका उंच हवा. म्हणजे युनेस्कोने २०२१ मध्ये ज्यांतल्या निवडक पोर्तिकोंना जागतिक वारसा म्हटलं, ते मुळात आमच्यासारख्यांच्या 'जागा मिळेल का'मुळे उभे राहिले. नऊशे वर्षं झाली, प्रश्न तोच आहे.

लाकडी खांब पुढे बदलायला लावले, तरी काही तगले. स्त्रादा माज्जोरेवर इसोलानी घराण्याच्या वाड्यापुढे ओकचे उंच खांब अजून उभे आहेत. तिथल्या पोर्तिकोच्या छतात तीन बाण रुतलेत म्हणतात. मी मान दुखेपर्यंत वर पाहत होते. शेवटी हात पाठीमागे बांधून फिरणारे एक आजोबा थांबले, त्यांनी बोटाने दाखवलं. मला दिसलं नाही. मी दिसलं म्हणाले. इतक्या आस्थेने दाखवणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

एक पत्ता मिळाला, 'व्हिया सेन्झानोमे'. म्हणजे बिननावाची गल्ली. मला वाटलं, बाईंना रस्त्याचं नाव सांगायचं नाहीये. मी तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा तेच सांगितलं, तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात. नावच ते आहे! गल्ली सापडली. पलंग गेलेला होता.

रविवारी फोन उचलत नाहीत, म्हणून एका रविवारी सान लुकाची टेकडी चढले. शहराच्या वेशीपासून देवळापर्यंत ६६६ कमानी, जवळजवळ पावणेचार किलोमीटर एकसलग छप्पर. १४३३ मध्ये पाऊस काही केल्या थांबेना, तेव्हा मारियामातेचं चित्र वाजतगाजत खाली आणलं आणि पाऊस थांबला, अशी श्रद्धा. ते चित्र आजही दर मे महिन्यात खाली येतं. ज्या मातेने पाऊस थांबवला ती वाटेत भिजू नये म्हणून लोकांनी पुढे वर्गणी काढून ही वाट झाकली. यात तर्क शोधू नये, माया बघावी. असिनेल्ली मनोऱ्याच्या ४९८ पायऱ्या मात्र चढले नाही. पदवीआधी त्या मनोऱ्यावर गेलं की पदवी मिळत नाही, असं इथले विद्यार्थी मानतात, आणि माझा जागेच्या बाबतीतला अनुभव पाहता आणखी एक धोका पत्करायची तयारी नव्हती.

अठराव्या दिवशी पलंग मिळाला. दुसरा मजला, खोली पोर्तिकोच्या बरोबर वर, खिडकीशी. म्हणजे मी त्या पुढे काढलेल्या हवेतच झोपत होते. रात्री पाठीखालून पावलं जायची.

पुढच्या सप्टेंबरात शेजारचा पलंग रिकामा झाला. त्याची चिठ्ठी मीच लिहिली, झिरमिळ्या मीच कातरल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालून चाकांचा आवाज आला. सरसर, मग खडखड, मग बरोबर आमच्या दाराशी शांत. मी खिडकीतून वाकून पाहिलं. पोर्तिकोवरच्या खिडकीतून आपल्याच दारातलं माणूस कधी दिसत नाही, हे मी वर्षभर राहूनही विसरले होते. समोरचा ओला रस्ता तेवढा दिसला. म्हणून मग तशीच, न दिसणाऱ्या कुणाला तरी, मोठ्याने ओरडले, "सेकोंदो पियानो! दुसरा मजला!"