ओव्या लाल झाल्या

"अहो, ज्ञानेश्वरी मी माझ्या शब्दांत कशी लिहू?"

आज मुंबई विद्यापीठाजवळ, कालिन्याला, झेरॉक्सच्या दुकानात एक बाई वैतागून विचारत होत्या. हातात प्रबंधाच्या साम्य-तपासणीचा अहवाल, म्हणजे मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी किती जुळतो त्याचा: ३१ टक्के. लाल झालेलं बहुतेक सगळं म्हणजे ओव्याच.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४०मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचं. पण संदर्भासह दिलेलं अवतरण मोजायचंच नाही, हेही तिथंच लिहिलंय. घोळ होतो तो मांडणीत. ओवी पानाच्या मधोमध, ठळक टायपात, अवतरणचिन्ह नाही. सॉफ्टवेअरला ती उचललेली वाटते. शिवाय अवतरणं वगळायची खूण तपासणाऱ्यानं केली नसेल, तर चिन्हं असूनही उपयोग नाही.

शेजारी एमडीचा प्रबंध बाइंडिंगला होता. 'रुग्णांकडून लेखी संमती घेतली' हे वाक्य प्रत्येक वैद्यकीय प्रबंधात असणारच. ते वेगळं लिहायच्या नादात अर्थ बिघडतो. अशा सर्वसामान्य शब्दांना सलग १४पर्यंत सूट आहे, बरं का.

आणि कॉम्प्युटरवाले? मजकूर ताडणाऱ्या यंत्राला कोडची चोरी सहसा कळत नाही. व्हेरिएबलची, म्हणजे कोडमधल्या चलांची, नावं बदलली की झालं. त्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'मॉस'सारखं सॉफ्टवेअर लागतं. ते नावं सोडून रचना ताडून बघतं.

तीन विद्याशाखा, टक्क्यांची मर्यादा मात्र एकच.

दुकानदार शांतपणे म्हणाला, "मॅडम, जुन्या फाँटात टाइप केलं असतं ना, तर शून्य आलं असतं."

खरं आहे. जुन्या फाँटात युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराचा ठरलेला संगणकी क्रमांक, नसतो. अशी ओवी यंत्राला इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसते. मग तपासलं नक्की काय?