पोवाडा चालतो, लावणी का नाही?

शाळेच्या स्नेहसंमेलनात पोवाडा हक्काचा. लावणीचं नाव निघालं की कुजबुज सुरू. मी समाजशास्त्र शिकवते, म्हणून या कुजबुजीच्या निमित्ताने शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांच्या कामाविषयी लिहिते.

रेगे पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राच्या प्रमुख होत्या. लावणी चांगली की वाईट, या वादात त्या अडकल्या नाहीत. नाचणारी कोणत्या जातीची, आणि तिच्या श्रमावर ताबा कोणाचा, हे त्यांनी १९९५च्या लेखात विचारलं. पेशवाईत कुणबिणींची, म्हणजे गुलाम बायकांची, खरेदी-विक्री होत असे. खालच्या मानलेल्या जातीतली बाई लावणीत सदा आतुर दिसली, की तिची पिळवणूक तिचीच हौस ठरते.

१९९८चा लेख ‘दलित स्त्रिया वेगळं बोलतात’ या राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरूंच्या मांडणीला पुढे नेणारा. दलित म्हटलं की पुरुष आणि स्त्री म्हटलं की सवर्ण, असं चळवळींतच कसं घडत गेलं, ते त्यात आहे. दलित स्त्रीवादी भूमिका जन्माने मिळत नाही, तो इतिहास शिकून ती इतरांनाही घडवता येते, असंही त्या म्हणाल्या. यावर टीका झाली, आणि ती मला अगदीच गैरलागू वाटत नाही.

शिक्षकांना खरा उपयोग २००६च्या पुस्तकाचा. त्यात आठ दलित स्त्रियांच्या जीवनकथा आहेत. वर्गात अशी कथा वाचताना नेहमी एकच चूक होते: मुलांचे डोळे पाणावतात, तास संपतो, आणि आंबेडकरी चळवळ बाहेरच राहते. रेगे या लेखनाला साक्ष म्हणतात, एकटीची नव्हे, समूहाची. बेबी कांबळे यांच्या पुस्तकाचं नावच पाहा: ‘जिणं आमुचं’. ‘माझं’ नाही. म्हणून उतारा वाचण्याआधी १९२७चा महाडचा सत्याग्रह आणि १९४२ची नागपूरची दलित महिला परिषद फळ्यावर यायला हवी.

२०१३च्या पुस्तकात त्यांनी ब्राह्मणी पितृसत्तेवरचं, म्हणजे जात टिकवण्यासाठी बाईवर ताबा ठेवणाऱ्या व्यवस्थेवरचं, आंबेडकरांचं लेखन एकत्र आणलं. आपल्याकडे सती आणि बालविवाह सुधारकांच्या धड्यात, जात दुसऱ्याच धड्यात. आंबेडकरांनी १९१६मध्येच दोन्ही एका हिशेबात बसवली होती. जातीबाहेर लग्न नाही, म्हणजे जातीत स्त्री-पुरुषांची संख्या जुळायला हवी. नवरा मेला की बाई शिल्लक उरते: तिला जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेली की पुरुष शिल्लक. पण त्याला जाळत नाहीत. लग्नाच्या वयाची मुलगी त्याला दिली तर दुसऱ्याला कमी पडते, म्हणून वयात न आलेली शोधतात.