बिडी कामगारांवरील शोधनिबंध आणि पूर्वसाहित्याचा शोध

सोलापूरच्या पूर्वभागात घरी बसून बिड्या वळणाऱ्या बायका कायद्याच्या दृष्टीने कोणाच्या कामगार ठरतात, हा माझ्या एलएल.एम.च्या शोधनिबंधाचा प्रश्न आहे. असा प्रश्न हाती आला की आपल्याकडे ‘इंडियन कानून’ हे न्यायनिर्णयांचे संकेतस्थळ उघडले जाते आणि समोर येणारी निकालांची यादी हेच पूर्वसाहित्य, म्हणजे विषयावर आधी झालेले लेखन, मानले जाते. हे मला पटत नाही. न्यायालय काय म्हणाले हे शोधणे आणि त्यावर अभ्यासकांनी काय म्हटले हे शोधणे ही दोन निराळी कामे आहेत.

निकाल शोधताना विषयाच्या शब्दापेक्षा निकालांचे आपसातले नाते अधिक उपयोगी पडते. 1962 च्या एआयआरमधील (‘ऑल इंडिया रिपोर्टर’ या निर्णयसंग्रहातील) शंकर बालाजी वाजे खटल्यात, कारखान्यात बसून परंतु आपल्या सोयीच्या वेळी बिड्या वळणारा माणूस कारखाने अधिनियमाखालील कामगार नाही, असे बहुमताने ठरले, न्या. सुब्बा राव यांचे मत विरोधी होते. या निकालातून मागे गेल्यास नागपूरचा बिरधीचंद शर्मा खटला (एआयआर 1961) सापडतो, ज्यात बिडी वळणाऱ्यांना कामगार मानले गेले होते. पुढे आल्यास 1974 चा मंगलोर गणेश बीडी वर्क्सचा निकाल लागतो, ज्याने बिडी व सिगार कामगारांसाठीचा 1966 चा अधिनियम वैध ठरवला. मागचे संदर्भ निकालपत्रातच असतात. पुढचे हवे असल्यास एखादा निकाल नंतर कोठे उद्धृत झाला, हे दाखवणारी एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्र या निकालांच्या ऑनलाइन संग्रहांवरील सोय वापरावी लागते.

नावांवर विसंबू नये. ‘चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या एकाच नावाचे बिडी उद्योगाशी संबंधित दोन निकाल आहेत. 1951 च्या एआयआरमधील निकाल व्यवसायस्वातंत्र्याचा आणि म्हणून प्रसिद्ध. माझ्या प्रश्नाला लागू पडणारा मात्र 1958 चा, सट्टेदारांविषयीचा, म्हणजे कारखानदाराला बिड्या वळवून पुरवणाऱ्या ठेकेदारांविषयीचा. शिवाय इंग्रजीत बिडीचे स्पेलिंग निकालागणिक बदलते, त्यामुळे प्रत्येक रूप टाकून पाहावे लागते (संगणकाला आपली अडचण कळत नाही).

1966 चा मूळ अधिनियम ‘इंडिया कोड’ या कायद्यांच्या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. घरी वळण्यासाठी मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून कच्चा माल घेणारी व्यक्ती 1966 च्या व्याख्येत कर्मचारी म्हणून का घेतली गेली, हे समजायचे असेल तर त्या काळच्या संसदीय चर्चा वाचायला हव्यात. हा अधिनियम 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयक संहितेत सामावला गेल्यामुळे जुनी आणि नवी व्याख्या शेजारी ठेवून वाचणेही आवश्यक आहे.

अभ्यासकांचे लेखन शोधताना विधिविषयक नियतकालिकांपाशी थांबून चालत नाही. इंडियन लॉ इन्स्टिट्यूटचे नियतकालिक पाहावेच. पण गृहाधारित श्रमावरील चर्चा ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1996 च्या गृहकाम करारासंबंधीच्या लेखनातही शोधावी लागते. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात स्थानिक प्रबंध पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: सोलापूर विद्यापीठ 2004 साली स्थापन झाले, त्यापूर्वी येथील महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. जुने काम कोल्हापूरच्या नावाखाली, तेही विधी शाखेऐवजी समाजशास्त्रात किंवा अर्थशास्त्रात शोधायला हवे, आणि शोधशब्द देवनागरीतही द्यायला हवेत.

नव्या लेखाच्या तळटिपांत ओळखीचीच नावे येऊ लागली की मी त्या बाजूचा शोध थांबवतो. तरीही या साहित्यात एक कल राहतोच. वरच्या न्यायालयात जाण्याचा खर्च ज्याला परवडला, त्याचेच प्रकरण बहुधा निर्णयसंग्रहात पोहोचते. कामगार न्यायालयातच संपलेल्या वादांचे आदेश तेथे क्वचितच छापले जातात. त्यामुळे छापील निकालांवरून घरी बिड्या वळणाऱ्या बाईच्या तक्रारींचे स्वरूप ठरवायचे नाही, ही मर्यादा मी निबंधाच्या पहिल्याच प्रकरणात नोंदवणार आहे.